स्मृतिभ्रंश : बडोद्यातील मराठी कुटुंबे व शुश्रूषेची भाषा

स्मरण, भाषा, दिशाभान व विचारशक्ती यांचा ऱ्हास होत जाऊन रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येईनासे होतात, त्या लक्षणसमूहाला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्यामागे निरनिराळे रोग असतात. ६० ते ७० टक्के रुग्णांत अल्झायमर रोगाचा वाटा असतो, असे मानले जाते. बोलीत ‘म्हातारचळ’ म्हणतात, पण त्या शब्दात थट्टाही आहे आणि चारित्र्यावरचा शेराही. म्हणून तो येथे टाळला आहे.

संज्ञा : शब्द जुना, त्याचा हा अर्थ नवा. भगवद्गीतेत (२·६३) क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिविभ्रम आणि स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश अशी उतरंड आहे; वार्धक्याचा तेथे संबंध नाही. आयुर्वेदातील चरकसंहितेच्या शारीरस्थान या विभागात रज व मोह यांनी झाकोळलेल्या माणसाची तत्त्वाच्या, म्हणजे खऱ्या ज्ञानाविषयीची स्मृती ढळणे, अशी व्याख्या येते. धी (बुद्धी), धृती (संयम) व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या अशुभ कर्माला ही संहिता ‘प्रज्ञापराध’ म्हणते. ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. आजचे रूप त्याला इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, टप्प्याटप्प्याने आले असावे. या वचनांत आजच्या रोगाचे वर्णन सापडते, असे काही लेखक मानतात. परंतु दोन्ही ठिकाणी स्मृती म्हणजे विवेकाचे भान, नावेगावे आठवण्याची शक्ती नव्हे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘अपराधा’ची जुनी छटा मात्र पुसली गेलेली नाही, घरातल्यांना रोगाची लाज वाटते, त्यात तिचाही हात असावा. रोग म्हणून स्वतंत्र ओळख जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांच्या १९०६ मधील ट्यूबिंगेन (जर्मनी) येथील व्याख्यानापासून सुरू होते. त्यांचे नाव रोगाला मनोविकारतज्ज्ञ एमील क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये दिले.

भारतात ६० वर्षे व त्यावरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७·४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

द्विभाषिकतेचा वाद : अठराव्या शतकात गायकवाडी अंमलाबरोबर मराठी कुटुंबे बडोद्यात स्थिरावली. रावपुरा, दांडिया बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि बाजारात गुजराती असा व्यवहार चालत आला. अशा दोन भाषांच्या वापराने रोग लांबतो का, हा वादाचा मुद्दा आहे. मज्जाविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. द्विभाषिकांत रोगाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात आढळले, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. आक्षेप असा, की निरोगी लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत हा लाभ नेहमी दिसत नाही. दुसरी भाषा रोगाला लांबणीवर टाकत असेल, टाळत नाही, इतकेच म्हणणे सुरक्षित.

रोग जडल्यावर चित्र बदलते. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते असे सरसकट म्हणता येत नाही. समोरच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे ही निवड मात्र अनेकांना जमेनाशी होते. गुजरातीत ‘नाही लो’ म्हणजे आंघोळ करून घ्या. आयाबाईने तसे म्हटले, की मराठी आजींना त्यात नकार ऐकू येतो, आणि न्हाणीघराच्या दारात वाद उभा राहतो. ‘बा’ ही आईला वा वडीलधाऱ्या बाईला मारायची गुजरातीतली आदराची हाकही जुन्या मराठी कानाला बापाची वाटते. रोजच्या वीसपंचवीस मराठी शब्दांची यादी आयाबाईला पहिल्याच दिवशी दिल्यास असे तंटे कमी होतात. पाठ झालेले बराच काळ टिकते. संभाषण आटल्यावरही शुभंकरोती किंवा आरती सुरात म्हणणारे रुग्ण आढळतात. तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढून ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो तेव्हा, ‘हेच आपलं घर’ असे पटवत बसण्यापेक्षा दिवा लावायला सोबत घेणे बरे.

निदान : विस्मरण दिसले की ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता, नैराश्य, डोक्याला लागून साचलेले रक्त ही उपचारसाध्य कारणे आधी पाहतात. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारखी औषधे काहींची लक्षणे काही काळ आवरतात. रोग बरा करीत नाहीत. स्मरण, भाषा व विचारशक्ती तपासणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची बोधनचाचणी प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भारतीय भाषांत तयार झाली; त्यांत मराठी नव्हती, गुजरातीही नव्हती. म्हणून तपासणीस नेताना घरातले माणूस दुभाषा म्हणून हवे. त्याने फक्त प्रश्न पोचवावा, उत्तर सुचवू नये. नेमके हेच अवघड जाते.

शुश्रूषा करणारी बहुधा पत्नी किंवा सून असते. माणूस समोर असताना त्याला गमावल्याचे हे दुःख बोलून दाखवण्याची रीत नाही. आठवड्यातून एक दुपार तिला भिशीला किंवा भजनी मंडळात जाता यावे म्हणून दुसऱ्या कुणीतरी घरी बसणे, ही सर्वांत उपयोगी पडणारी मदत. मानसिक आधारासाठी टेलिमानस (१४४१६) व ज्येष्ठांच्या अडचणींसाठी एल्डरलाइन (१४५६७) या सरकारी दूरध्वनिसेवा आहेत. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक संरक्षण २०२४ पासून मिळते. पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते, घरच्या आयाबाईचा पगार त्यात बसत नाही.

कायदा : मुखत्यारपत्र करून ठेवले की काम झाले, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपुष्टात येते, म्हणजे गरज लागते तेव्हाच निरुपयोगी ठरते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली नेमता येणारा प्रतिनिधी केवळ उपचारांविषयी निर्णय घेऊ शकतो. बँक व मिळकत त्याच्या कक्षेत येत नाहीत. यामुळे मृत्युपत्र, संयुक्त खाते व नामनिर्देशन ही कामे निदानानंतर लगेच, समज शाबूत असेपर्यंत करून घेतात.