‘क्रिस्टल लॉजिक’ परत पाठवण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातून जेवढ्या हेवी मेटल संगीताच्या रेकॉर्ड जातात, त्यांत परत येण्यात पहिला नंबर मॅनिला रोड या बँडच्या ‘क्रिस्टल लॉजिक’ या अल्बमचा. तक्रार ठरलेली असते : आवाज पातळ आहे, बेस नाहीच, प्रेसिंग (म्हणजे रेकॉर्डची छपाई) खराब दिसतंय. परत आलेली प्रत आम्ही दुकानातल्या टर्नटेबलवर लावतो आणि ती बहुतेक वेळा ठणठणीत निघते. तुमचा आठवडा जातो, दोन्ही वेळचं कुरियर जातं आणि शेवटी तीच रेकॉर्ड तुमच्या घरी येते. म्हणून हे पत्रक आता पार्सलमध्येच घालतो.

आधी टर्नटेबलच्या मागे बघा. हल्लीच्या बऱ्याच प्लेअरना तिथे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं. अँप्लिफायरला ‘फोनो’ नावाची जागा असेल तर वायर तिथे लावा आणि बटण ‘फोनो’वर ठेवा. वायर ‘ऑक्स’मध्ये (अँपच्या साध्या इनपुटमध्ये) किंवा आतच अँप असलेल्या स्पीकरमध्ये जात असेल तर बटण ‘लाइन’वर हवं. जुन्या प्लेअरना बटणच नसतं. त्यांना ऑक्सशी जोडायचं तर मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवून त्याचा तोल सुधारणारी छोटी पेटी, लागतोच, त्याला दुसरा इलाज नाही.

कारण असं की रेकॉर्डच्या खाचा कोरताना खर्ज, म्हणजे बेस, मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर उचलतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेशी गाणी मावायची नाहीत. वाजवताना हे सगळं उलटं करून मूळ तोल परत आणायचं काम प्रीअँपचं. अगदी खालच्या, २० हर्ट्झच्या आसपासच्या सुरांना तो जवळपास २० डेसिबलनी उचलतो. शिवाय नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुई जिला बसवलेली असते ती डबी) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, ऑक्सला त्याच्या कितीतरी पट लागतात. प्रीअँप वगळला की बारीक, कर्कश, बेस नसलेला आवाज येणार. आणि प्लेअरचं बटण ‘लाइन’वर ठेवून वायर अँपच्या ‘फोनो’त घातली की उलटं होतं : बेस घुमतो आणि सगळं फाटतं.

“मग बाकीच्या रेकॉर्ड बऱ्या कशा वाजतात?” असं हटकून विचारलं जातं. त्याही नीट वाजत नसतात. गुळगुळीत रेकॉर्डिंग असलं की व्हॉल्यूम वाढवून आपण चालवून घेतो. हा अल्बम तशी मुभा देत नाही.

आता गंमत अशी की काही जण याच्या उलट टोकाला जातात. वायर चुकलेली असते, पण अंडरग्राउंड बँड आहे म्हणजे असंच वाजणार, असं म्हणून महिनोन् महिने तसंच ऐकतात. यात अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं विचिटा हे या बँडचं गाव. मार्क शेल्टन गिटार आणि गायनाला, स्कॉट पार्क बेस गिटारला, रिक फिशर ड्रम्सना. तिघांनी १९८३ मध्ये हा अल्बम रोडस्टर रेकॉर्ड्स या स्वतःच्याच लेबलवर काढला. मोठ्या कंपनीचा पैसा नव्हता आणि ते ऐकू येतं. शेल्टन नाकात गातो, तो तसाच गातो, त्यात सुईचा दोष नाही. तलवारी, जादू आणि जगबुडीच्या या गाण्यांना तोच आवाज शोभतो, असं आमचं मत. पण खडबडीत म्हणजे पोकळ नव्हे. नेहमीच्या व्हॉल्यूमवर ‘नेक्रोपोलिस’ लावा. गिटारच्या खालून पार्कचा बेस धावताना ऐकू यायला हवा. नाही आला तर पुन्हा मागे जाऊन वायर बघा.

पहिल्या बाजूला सुरुवातीलाच गाणं नाही, मुद्दाम विचित्र केलेल्या आवाजातलं निवेदन आहे. ते ऐकून वेगाचं बटण ४५ वर नेऊ नका, रेकॉर्ड ३३ चीच आहे. ‘फ्लेमिंग मेटल सिस्टिम्स’ मूळ अल्बमात नव्हतंच. ते दुसऱ्या एका संकलनासाठी केलेलं गाणं, नंतर सीडीवर जोडलं गेलं. तेव्हा ते मूळ क्रमाच्या रेकॉर्डवर सापडलं नाही तर गाणं गाळलंय असं समजू नका. दुसऱ्या बाजूचं शेवटचं ‘ड्रीम्स ऑफ एस्कॅटॉन’ दहा मिनिटांच्या वर जातं आणि संपता संपता सुई अगदी आतल्या खाचांत असते. तिथे खाच सुईखालून बाहेरच्या कडेच्या निम्म्याहून कमी वेगाने सरकते. कार्ट्रिज जरा तिरकं बसलं असेल तर ते इथेच उघडं पडतं, ‘स’ फाटायला लागतो.

खरा दोष ओळखायला सोपा आहे. तबकडी वाकलेली असते, किंवा एकाच ओरखड्यामुळे दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेरीला, टक् असा आवाज येतो. अशी प्रत आम्ही एक शब्द न बोलता बदलून देतो, कुरियरही आमचं. सीलबंद प्रती उघडून का तपासत नाही, असं काही जण विचारतात. सील फुटलेली प्रत संग्रह करणारे घेत नाहीत, आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक तेच आहे. वापरलेल्या रेकॉर्ड मात्र दोन्ही बाजू वाजवल्याशिवाय आम्ही विकत नाही.

ही मूळ रोडस्टरची प्रत आहे का? नाही, नंतरची आवृत्ती आहे. किंमत बघूनच ते कळावं. हा बँड अमेरिकेत कधी मोठा झाला नाही, त्याला जगवलं युरोपातल्या चाहत्यांनी. शेल्टन २०१८ च्या जुलैमध्ये गेला तोही जर्मनीतल्या एका महोत्सवात वाजवून झाल्यावर.

साधा फोनो प्रीअँप आमच्याकडे मिळतो. टर्नटेबल घेऊन आलात तर जोडून, कार्ट्रिज सरळ करून देतो, रेकॉर्ड आमच्याकडची असेल तर त्याचे पैसे घेत नाही. ‘क्रिस्टल लॉजिक’ आवडला असेल तर १९८५ चा ‘ओपन द गेट्स’ बाजूला काढून ठेवायला सांगा, तो फार दिवस शिल्लक राहत नाही. आणि तरीही रेकॉर्ड परत पाठवायचीच असेल, तर पार्सल बांधण्याआधी टर्नटेबलच्या आणि अँपच्या मागच्या बाजूचा, वायर नीट दिसतील असा, एकेक फोटो पाठवा.