ज्यूक जॉइंट

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठीच चालवलेला, नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा आणि जुगाराचा अड्डा. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया या कापसाच्या मुलखात असे अड्डे गावोगावी होते. ‘ज्यूक’ हा शब्द आग्नेय किनाऱ्यावरच्या गुल्ला बोलीतला मानतात; अर्थ दंगेखोर, बेबंद. संगीताचा विचार केला तर ही अमेरिकेतली सर्वांत महत्त्वाची जागा, असे लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ मध्ये लिहिले. त्यात अतिशयोक्ती नाही: ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे संगीत वाढले ते इथल्या फळ्यांच्या जमिनीवर.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. बटईने कापूस करणाऱ्या कुटुंबांचे वर्षाचे पीक मालकाच्या दुकानातली उधारी फेडण्यातच जाई. गोऱ्यांच्या हॉटेलांत आणि नाचघरांत त्यांना प्रवेश नव्हता. शनिवारी संध्याकाळी मात्र कुणाच्या तरी खोपटातले सामान बाहेर निघे, तेलावर मासे तळले जात, मक्याची दारू येई आणि पहाटेपर्यंत नाच चाले. मिसिसिपीत दारूबंदी थेट १९६६ पर्यंत होती, त्यामुळे धाडीची टांगती तलवार कायमचीच. मारामाऱ्या होत, चाकू निघत. हेही लपवण्यासारखे नाही. पण आठवड्यातली तेवढी एक रात्र त्या माणसांची स्वतःची असे.

या संगीताचा घाट त्या खोलीनेच घडवला. वीज नाही, ध्वनिक्षेपक नाही आणि समोर पाय आपटत नाचणारी गर्दी. वादकाला ऐकू जायचे तर बुटाची टाच जमिनीवर हाणून ठेका धरावा लागे. बाटलीची मान कापून ती बोटात चढवायची आणि गिटारच्या तारेवरून घासायची. तो कापत जाणारा, रडवा सूर कलकलाटातूनही शेवटच्या भिंतीपर्यंत पोचे. नाचणारे थांबत नाहीत तोवर गाणेही थांबत नसे. एकेक गाणे वाटेल तितके लांबे, कडवी जागच्या जागी जोडली जात. पुढे ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून तेच गाणे छाटले गेले. जुन्या मुद्रिका ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

ब्लूज गायक-वादक मद्दी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवी आणि स्वतःच्या घरी ज्यूक जॉइंटही चालवी. दारू, जुगार आणि नाणे टाकून गाणे लावायचे यंत्र, सगळे तिथे होते. त्या यंत्राला ‘ज्यूकबॉक्स’ हे नाव याच अड्ड्यांवरून पडले, आणि त्यानेच पुढे वादकांचे पोट मारले: पाच सेंटांत हवे ते गाणे मिळत असताना गवयाला रात्रभराचे पैसे कोण देणार? १९४३ मध्ये मद्दी शिकागोला निघून गेला. कापूस वेचणारी यंत्रे शेतात आल्यावर गिऱ्हाइकेही त्याच वाटेने उत्तरेकडे गेली. जॉन सेल्स यांचा ‘हनीड्रिपर’ (२००७) हा चित्रपट नेमका या वळणावर उभा आहे. १९५० चे अलाबामा, कर्जात बुडालेला क्लबमालक (डॅनी ग्लोव्हर) आणि शेजारी ज्यूकबॉक्सवर गर्दी खेचणारा दुसरा अड्डा.

मिसिसिपीतल्या मेरिगोल्डजवळ शेताच्या कडेला विली सीबेरी यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेले ‘पो मंकीज’ हे पत्र्या-फळ्यांचे खोपट शेवटच्या काही ग्रामीण अड्ड्यांपैकी एक होते. छताला खेळण्यातली माकडे आणि नाताळचे दिवे लटकलेले, मालक दिवसा शेतात कामाला आणि राहायलाही तिथेच. २०१६ मध्ये ते वारले आणि अड्डा बंद झाला. मिसिसिपीतल्याच बेन्टोनियातला १९४८ चा ‘ब्लू फ्रंट कॅफे’ जिमी होम्स यांनी १९७० पासून पुढे चालवला. आईवडिलांनी उघडलेल्या त्याच जागेत ते स्वतः गिटार घेऊन बसत आले आहेत.