बहाव्याची बी कोल्ह्या-माकडाच्या पोटातूनच जावी लागते?

बहाव्याची बी प्राण्याने खाऊन विष्ठेतून पडल्याशिवाय उगवत नाही, हा समज जुना आहे. विष्ठेतली बी उगवते हे निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. पोटातल्या आम्लाने ते झिजतं, एवढाच प्राण्याचा वाटा. हे काम पॉलिश पेपरही करतो.

काळी, वाळलेली शेंग फोडा. प्रत्येक कप्प्यात एक बी आणि चिकट काळा गर असतो. हा गर रेचक आहे, बोटं चाटू नका! बिया धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या आणि बुरशी आलीच. बी जिथे जोडलेली असते, त्याच्या विरुद्ध टोकाला आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासा. अंकुराची बाजू अजिबात घासू नका. मग २४ तास पाण्यात ठेवा. घासणं पुरेसं झालं असेल तर बी फुगून जवळपास दुप्पट होते. तशीच टणक राहिली तर पुन्हा घासा. बिया उकळत ठेवल्या तर कवच मऊ होतं खरं, पण आतला अंकुरही मरतो.

फुगलेली बी रोपाच्या पिशवीत एक सेंटीमीटर खोल, निचऱ्याच्या मातीत पेरा. सोटमूळ लवकर खाली जातं, म्हणून पिशवी उंच हवी. उथळ पिशवीत मूळ वेटोळं घेतं आणि झाड खुरटतं. जमिनीत लावताना भरपूर ऊन बघा. सावलीत पानं येतात, फुलं नाहीत.