डाव्या हुकनंतर उजवी लाथच का?

किकबॉक्सर अर्नेस्टो होस्टची लढत पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुतेक वेळा निराशाच होते. गिरकी घेऊन मारलेली लाथ नाही, हवेतली उडी नाही, डोळे वटारणं नाही. एक उंच डच माणूस दोन-तीन ठोसे मारतो, समोरच्याच्या मांडीवर एक लाथ हाणतो आणि बाजूला सरकतो. पुन्हा तेच. परत तेच. मग तिसऱ्या फेरीच्या सुमारास समोरचा धिप्पाड गडी एकाएकी लंगडायला लागतो, आणि प्रेक्षकाला कळत नाही की नेमकं झालं कधी.

याच माणसाने १९९७, १९९९, २००० आणि २००२ असं चार वेळा जपानमधलं के-वन वर्ल्ड ग्रां प्री जिंकलं. हेवीवेट किकबॉक्सिंगमध्ये त्या काळी याहून मोठी स्पर्धा नव्हती. अंतिम रात्री आठ लढवय्ये उतरत आणि विजेत्याला एकाच रात्री तीन लढती खेळाव्या लागत. चाहत्यांनी होस्टला ‘मिस्टर परफेक्ट’ नाव दिलं. मला ते नाव फारसं आवडत नाही, कारण त्याने कौतुक होतं, उलगडा होत नाही.

उलगडा करायला गेलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: त्याची शैली म्हणजे कराटे, बॉक्सिंग, थायलंडचं मुए थाय आणि फ्रान्सचं सावात यांचं मिश्रण. घटक बरोबर आहेत, ‘मिश्रण’ हा शब्द मात्र फसवा आहे. मिश्रणात क्रमाला महत्त्व नसतं. आधी काय घातलं नि नंतर काय, सगळं एकजीव होतं. होस्टच्या लढतीत क्रम बदला, आणि उरतात चार सुटी, साधी तंत्रं. म्हणून आधी तो क्रमच जवळून पाहू.

डच जिममध्ये शिकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली एक साखळी आहे: डावा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), उजवी लो किक (मांडीवरची लाथ). सगळं मिळून दीडेक सेकंदाचा मामला. व्हिडिओ पाव वेगाने चालवला तरच त्यातले सांधे दिसतात.

जॅब चेहऱ्याकडे जातो. तो लागला नाही तरी चालतं. त्याचं काम समोरच्याचे हात आणि लक्ष दोन्ही वर खेचायचं. मागोमाग उजवा क्रॉस, तोही डोक्याकडे. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलायला सुरुवात होईपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि तेही एकाच ठरलेल्या इशाऱ्याला एकच ठरलेला प्रतिसाद द्यायचा असेल तर. शक्यता वाढल्या की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली हा संबंध मोजून मांडला. मानसशास्त्रात तो हिकचा नियम म्हणून ओळखला जातो. समोरच्याचा मेंदू दोन ठोशांचा हिशोब लावतोय तोवर तिसरा येऊन पोचलेला असतो, आणि चौथा हाताने येणार की पायाने, हे तर अजून ठरायचंच असतं.

खरी गंमत तिसऱ्या ठोशात आहे. डावा हुक समोरच्याच्या उजव्या बाजूला, बहुधा बरगड्यांखाली यकृतावर किंवा जबड्यावर लागतो. त्या धक्क्याने त्याचं शरीर त्याच्या स्वतःच्या डावीकडे कलतं. उजव्या हाताचा लढवय्या डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. म्हणजे कललेला सगळा भार नेमका त्या पुढच्या पायावर जातो. इकडे हुक मारणाऱ्याची कंबर उजवीकडे वळलेली असते. पोटाचे आणि कमरेचे तिरपे स्नायू ताणले गेलेले असतात, आणि ताणलेला स्नायू लगेच आकसला तर नुसत्या आकसण्यापेक्षा जास्त जोर देतो. उजवी लाथ ही त्या वळणाची परतफेड असते. ती समोरच्याच्या डावीकडून येते आणि हुकने ज्या पायावर भार ढकलला, त्याच मांडीवर आदळते. धक्का एकीकडून, लाथ दुसरीकडून, आणि मधे तो अडकलेला पाय.

भार असलेल्या पायावरच लाथ का मारायची? पाय सुटा असेल तर लाथ लागताक्षणी तो लाथेबरोबर सरकतो आणि आघात थोडा जास्त वेळ पसरतो. संवेगातला बदल तेवढाच राहिला आणि वेळ दुप्पट झाला, तर सरासरी बल निम्मं होतं. झेल घेताना हात मागे ओढतात तो याच हिशोबाने. पण ज्या पायावर शंभर किलोंचं शरीर टेकलंय तो सरकू शकत नाही. आघात थोडक्या वेळात आटोपतो आणि बल चढतं.

दुसरं कारण आणखी साधं. लो किकला उत्तर म्हणजे गुडघा वर घेऊन नडगीवर ती झेलणं, ज्याला रिंगमध्ये ‘चेक’ म्हणतात. पाय उचलायचा तर आधी भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो. हुकने भार पुढे आणून ठेवला की लाथ येताना दिसत असली तरी पाय जमिनीवरून सुटत नाही. मला तर वाटतं, होस्टच्या शैलीतली सगळ्यात निर्दय गोष्ट हीच आहे: समोरच्याला लाथ दिसते, पण त्याला काही करता येत नाही.

माणसाच्या एका पायाचं वजन शरीराच्या साधारण १६ टक्के असतं, हाताचं जेमतेम ५ टक्के. १०८ किलोच्या माणसाचा पाय म्हणजे १७ किलोंचा ऐवज. एवढं वजन वेगाने फिरवायचं तर कमरेपासून दूर असलेला भाग महागात पडतो, कारण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. पोटरी आणि पाऊल कमरेपासून निम्म्या अंतरावर आणलं तर त्यांचा विरोध चौथाईवर येतो. म्हणून लाथ सुरू होताना गुडघा दुमडलेला असतो आणि शेवटी उलगडतो. आधी कंबर फिरते, मग मांडी, मग नडगी. मागचा भाग मंदावताना आपली गती पुढच्याला देऊन जातो. चाबकाची दोरी अशीच चालते.

आघात पावलाने करत नाहीत, नडगीच्या खालच्या भागाने करतात. मांडीच्या बाहेरच्या अंगाचा जाड स्नायू नडगीचं हाड आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये चेपला जातो. एका लाथेने फार काही होत नाही. पाचव्या-सहाव्या लाथेनंतर स्नायूत सूज आणि रक्तस्राव साचतो, गुडघा सरळ ठेवणारी ताकद ओसरते. ठोशाचा जोर मुळात पायातून येत असल्यामुळे मांडी गेली की हातही पडतो.

आता ही साखळी आली कुठून ते पाहू. क्योकुशिन कराटेच्या स्पर्धांत हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी आहे. त्यामुळे त्यांचे लढवय्ये अगदी जवळ उभे राहून छाती-पोटावर ठोसे आणि मांडीवर लाथा अशी देवाणघेवाण करतात. पोटाला मारून मांडी फोडायची सवय तिथली. बॉक्सिंगमध्ये पाय बाद, त्यामुळे हाताच्या जोडण्या आणि डोकं चुकवणं यांवर तिथे अफाट काम झालेलं आहे. मुए थायमध्ये नडगी हेच हत्यार, आणि चेक हे जगण्याचं साधन. फ्रान्सच्या सावातमध्ये बूट घालून लढतात आणि लाथ फक्त पावलाने मारायची असते. नडगी टेकवायची सोय नाही म्हटल्यावर अंतराचा अंदाज काटेकोर लागतो, हातभर इकडेतिकडे झालं की लाथ वाया. होस्ट सावातही खेळला आणि तिथेही त्याने किताब मिळवले. समोरच्याच्या पल्ल्याच्या इंचभर बाहेर उभं राहण्याची त्याची सवय मला तिकडची वाटते, जरी हे सिद्ध करता येण्यासारखं नाही.

प्रत्येक कलेचे नियम शरीराला काहीतरी शिकवतात आणि काहीतरी विसरायला लावतात. याचं सर्वात जळजळीत उदाहरण १९८८ चं आहे. लास व्हेगासमध्ये अमेरिकेचा रिक रूफस थायलंडच्या चांगपुएक कियात्सोंग्रितशी लढला. अमेरिकी फुल-कॉन्टॅक्ट प्रकारात कमरेखाली लाथ चालत नसे, आणि रूफस त्यात तरबेज होता. पहिल्याच फेरीत त्याने चांगपुएकला खाली पाडलं, जबडा मोडला. पण त्या लढतीत लो किकला परवानगी होती. चांगपुएक पुढच्या पायावर लाथा मारत राहिला, आणि चौथ्या फेरीत रूफसला उभं राहता येईना. रूफस कच्चा नव्हता. त्याच्या नियमपुस्तकात तो पाय नव्हताच.

डच लोकांच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. ‘किकबॉक्सिंग’ हे नाव जपानी प्रवर्तक ओसामु नोगुची यांनी रुजवलं, आणि १९६६ मध्ये तिथे या खेळाच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्याच दशकात क्योकुशिनचे काही कराटेपटू बँकॉकला थाय लढवय्यांशी भिडायला गेले. त्यांतले केंजी कुरोसाकी हरले, आणि ती हार त्यांनी मनाला लावून घेतली. पुढे त्यांनी टोकियोत मेजिरो जिम काढलं. तिथे शिकलेल्या यान प्लास या डच तरुणाने परत जाऊन १९७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याच नावाची जिम सुरू केली. म्हणजे थाय लाथ जपानी कराटेच्या गाळणीतून नेदरलँड्सला पोचली, आणि तिथे आधीपासून असलेल्या बॉक्सिंगला चिकटली. होस्ट ॲम्स्टरडॅममध्ये योहान व्होस यांच्या हाताखाली तयार झाला, त्याच वातावरणात.

त्या जिममधली सरावाची पद्धतही या गोष्टीला कारण आहे. थायलंडमध्ये प्रशिक्षक हातात जाड पॅड धरतो आणि लढवय्या त्यावर एकेक लाथ पूर्ण ताकदीने मारतो. डच जिममध्ये दोन खेळाडू ग्लोव्ह्ज आणि नडगीचे पॅड बांधून समोरासमोर उभे राहतात. एक चार-पाच फटक्यांची साखळी मारतो, दुसरा ती अंगावर घेऊन लगेच आपली साखळी परत करतो. पॅडवर सराव करणाऱ्याला फटका कळतो. अशा जोडीत सराव करणाऱ्याला फटक्यानंतर समोरचं शरीर कुठे कलतं ते कळतं. हुकने भार कुठल्या पायावर जातो हे होस्टच्या पिढीला भौतिकशास्त्राने शिकवलं नाही, हजारो वेळा समोर उभ्या असलेल्या जोडीदाराने शिकवलं.

के-वनच्या नियमांनीही हातभार लावला. कोपर बंद, लांबलचक मिठी मारून गुडघे घालणंही जवळपास बंद. थाय लढवय्याचं निम्मं शस्त्रागार असं बाहेर राहिलं, आणि ठोसे-लाथांच्या साखळीला मोकळं रान मिळालं. शिवाय एका रात्रीत तीन लढती. गिरकीच्या लाथा महाग असतात: हुकल्या तर तोल जातो, लागल्या तरी दम खातात. स्वित्झर्लंडचा अँडी हूग उंचावरून टाच खाली आणणारी लाथ मारायचा आणि गिरकी घेऊन टाचेने मांडी फोडायचा. दिसायला ते होस्टपेक्षा कितीतरी देखणं. १९९७ च्या अंतिम लढतीत तो होस्टसमोर आला आणि गुणांवर हरला.

होस्टच्या पद्धतीला मर्यादा होती, आणि ती २००२ मध्ये उघडी पडली. बॉब सॅप हा अमेरिकी फुटबॉलमधून आलेला, सुमारे १७० किलोंचा माणूस. तंत्र बेताचं. त्याने साखळी सुरू व्हायलाच जागा दिली नाही. घंटा वाजली की सरळ अंगावर धावायचा. साखळीला अंतर लागतं आणि दीड सेकंद लागतो. हुकने १७० किलोंचा धावता देह कलत नाही, आणि न कललेल्या माणसाच्या मांडीवर मारलेली लाथ ही नुसती लाथ असते. सॅपने त्याला ऑक्टोबरमध्ये हरवलं, आणि डिसेंबरमध्ये ग्रां प्रीच्या पहिल्याच लढतीत पुन्हा.

पण त्या रात्री सॅपच्या हाताला दुखापत झाली, तो पुढे खेळू शकला नाही, आणि नियमानुसार हरलेल्या होस्टला परत बोलावलं गेलं. उपांत्य लढतीत रे सेफो पायाच्या दुखापतीने बाहेर पडला. अंतिम लढतीत समोर फ्रान्सचा जेरोम ले बॅनर होता. इथे होस्टने मांडीऐवजी वरची पातळी धरली: उजवी लाथ, बरगड्यांच्या उंचीवर, एकामागून एक. ले बॅनरने त्या डाव्या हातावर घेतल्या. बरगड्या वाचवायला प्रत्येक जण तेच करतो. पण हाताचं हाड नडगीपेक्षा कितीतरी बारीक, आणि गार्डमधला हात अंगाला चिकटलेला असल्याने त्यालाही मागे सरकायला जागा नसते. भार पडलेल्या मांडीचीच गोष्ट, फक्त वरच्या मजल्यावर. तिसऱ्या फेरीत तो हात मोडला आणि लढत थांबली. रात्रीची पहिली लढत हरलेला ३७ वर्षांचा होस्ट चौथ्यांदा विजेता ठरला.