डॅन्यूबच्या काठी सायकलला उतार किती मिळतो?

डॅन्यूबच्या काठाने सायकल चालवताना अधूनमधून किलोमीटरच्या पाट्या लागतात आणि त्यांवरचा आकडा घटत जातो. या नदीचं अंतर उगमापासून नव्हे, तर काळ्या समुद्राकडच्या मुखापासून उलटं मोजतात. सायकलची सहल बहुधा जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत करतात. पासाऊजवळ हा आकडा २२२५ च्या आसपास असतो आणि व्हिएन्नाच्या राइक्सब्रुके पुलाशी १९२९. म्हणजे या टप्प्यात नदी जेमतेम ३०० किलोमीटर वाहते. सायकलची वाट गावांत शिरते, पूल आणि फेरीबोटी गाठायला वळसे घेते, त्यामुळे ती ३२० च्या आसपास भरते. रोज ५०-५५ किलोमीटर धरले तर सहा दिवसांचं काम. बहुतेक ठिकाणी मोटारींना मज्जाव आहे; जिथे नाही तिथे शेतात जाणारा एखादा ट्रॅक्टर भेटतो.

नदीच्या प्रवाहाबरोबर निघालं की सगळा उतारच, पॅडल मारायचं कामच नाही, असं ही सहल आखणाऱ्या पुष्कळांना वाटतं. आकडे तसं म्हणत नाहीत. पासाऊला नदीची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण २९० मीटर, व्हिएन्नाला १६०. म्हणजे ३०० किलोमीटरांत १३० मीटर, दर किलोमीटरला सुमारे ४४ सेंटिमीटर. खंडाळ्याच्या घाटात एवढी उंची तीन-चार किलोमीटरांत उतरून होते.

४४ सेंटिमीटरांची किंमत काढू. स्वार ७२ किलो, सायकल १६, सामान १२, एकूण १०० किलो. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. चांगल्या डांबरावर टायर दबतो-फुगतो त्यात सुमारे ६ न्यूटन जोर खर्ची पडतो. ताठ बसलेल्या आणि दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या स्वाराला हवा सुमारे ९ न्यूटनने अडवते. एकूण १५ न्यूटन. त्याला वेगाने गुणलं की ७५ वॅट. धडधाकट माणूस गप्पा मारत तासन् तास एवढी ताकद देऊ शकतो. उतार त्यात हातभार लावतो अर्ध्या न्यूटनहूनही कमी, म्हणजे दोन वॅट. चेनला तेल नसेल तर याहून जास्त ताकद तिथेच जाते.

मग पासाऊहून व्हिएन्नाकडेच जायचं, उलट नाही, असं जाणकार का सांगतात? वाऱ्यामुळे. या भागात पश्चिमेकडून येणारा वारा जास्त दिवस असतो आणि नदी पूर्वेकडे जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि वेग म्हणजे रस्त्यावरचा नव्हे, हवेच्या तुलनेतला. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहाव्यात असा, ताशी १८ किलोमीटरचा वारा समोरून आला की त्याच ७५ वॅटमध्ये सायकल ताशी १८ वरून १० वर येते. तोच वारा पाठीशी असेल तर २९ वर जाते. साठ किलोमीटरांचा टप्पा एका बाबतीत सहा तासांचा, दुसऱ्या बाबतीत दोन तासांचा. उताराच्या दोन वॅटची इथे गणतीच नाही.

हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. स्वाराच्या छातीशी तो कमी भरतो आणि झाडांच्या आडोशाला आणखी कमी. पूर अडवणाऱ्या बांधाच्या माथ्यावरून नदी छान दिसते, पण वारा सगळा अंगावर येतो. बऱ्याच ठिकाणी बांधाच्या पायथ्यालाही एक वाट असते; समोरून वारा असेल त्या दिवशी ती धरावी आणि नदी बघायला मधूनमधून वर चढावं. दोघं असतील तर एकाने दुसऱ्याच्या मागे राहावं आणि पाच-पाच मिनिटांनी जागा बदलाव्यात. फक्त पुढच्याचं चाकच बघत राहू नये. मोटारी शिरू नयेत म्हणून वाटेच्या मधोमध खांब रोवलेले असतात. पुढचा शेवटच्या क्षणी बाजूला होतो आणि मागचा थेट खांबावर जातो.

ही वाट इतकी सपाट कशी, याचं उत्तर घोड्यांपाशी आहे. आगबोटी येण्यापूर्वी मीठ, धान्य, दारू असा माल प्रवाहाविरुद्ध नेण्यासाठी काठावरून घोडे लांब दोरखंडांनी बोटी ओढत. मोठ्या तांड्याला कित्येक डझन घोडे लागत. दोर ताठ राहायला हवा, तर वाट पाण्यालगत आणि सारख्या उंचीवर हवी. मध्ये चढ किंवा झाड आलं की अख्खा तांडा अडकला. ऑस्ट्रियात या वाटेला ट्रेपलवेग म्हणतात. आगबोटींनी घोड्यांची गरज संपवली. विसाव्या शतकात वीजनिर्मितीचे बंधारे झाले (योखेनश्टाइन १९५६, इब्स-पेर्सेनबॉइग १९५९), तेव्हा त्यांच्या बांधांवर देखभालीच्या वाटा आल्या. आजचा सायकलमार्ग बराचसा या दोन वाटा जोडून झालेला आहे. बंधाऱ्यांमुळे नदीच्या पायऱ्या झाल्यात: दोन बंधाऱ्यांमध्ये पाणी जवळजवळ आडवं, आणि बंधाऱ्यापाशी एकदम काही मीटरांची उडी. बऱ्याच बंधाऱ्यांवरून सायकल घेऊन पलीकडेही जाता येतं.

कृष्णा-गोदावरीच्या काठाने अशी सलग वाट नाही, त्याचं एक कारण इथेच सापडतं. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात तुडुंब आणि उन्हाळ्यात डबकी. त्यांच्या वरच्या टप्प्यांत प्रवाहाविरुद्ध मालबोटी ओढायचा धंदा उभा राहण्याजोगं पाणीच बारमाही नव्हतं. आणि नदीकाठची काळी माती भिजली की दहा मिनिटांत मडगार्डमध्ये गच्च भरते, हे वेगळं सांगायला नको.

माती डॅन्यूबलाही चुकलेली नाही. जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मीटरवर गेलं, १५०१ नंतरची सर्वांत मोठी पातळी. खाली ग्राइन गावाने त्याच पुरात ऐनवेळी उभारता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भिंतीने पाणी गावाबाहेर थोपवलं. अशा भिंतीचे खांब बसवायच्या खाचा काठावरच्या गावांत जमिनीत दिसतात. पावसात त्यांच्या लोखंडी झाकणांवर चाक सटकतं, म्हणून ती काटकोनात ओलांडावीत. साधासा पूर ओसरला तरी वाटेवर पिठासारखा गाळ राहतो. ओला असताना तो साबणासारखा असतो: हँडल सरळ, पुढचा ब्रेक सोडलेला, पॅडल हलकं. वाळला की चेनमध्ये शिरून कानसेसारखा घासतो. संध्याकाळी चेन फडक्याने कोरडी पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब द्यावा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाकावं. जोराच्या फवाऱ्याने मात्र धुऊ नये. बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

वाट मुख्यतः डांबरी आहे, मध्ये मध्ये दाबलेल्या बारीक खडीचे तुकडे आहेत. खडीवर टायरचा खर्च ६ न्यूटनवरून १० वर जातो, म्हणजे त्याच वेगाला २० वॅट जादा. ३७ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर इथे योग्य. सामानासकट जवळजवळ दोन तृतीयांश वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ५० ते ५५ पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप) आणि पुढे ४० हवा पुरते. दोन्हीकडे टणक हवा भरायची सवय सोडावी: टायर दबत नाही, मग प्रत्येक खड्याला सगळी सायकल उचलली जाते आणि ताकद हादऱ्यांत जाते. उलट मागे हवा फार कमी असेल तर कडेच्या दगडावर चाक आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटते. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर टायरमध्ये काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

सामानाचं वजन सपाटीवर फारसं जाणवत नाही. पाच किलो जादा म्हणजे डांबरावर दीड वॅट. पिशव्यांची रुंदी महागात पडते, कारण ती वारा झेलते. वजनाचा त्रास होतो तो मागच्या चाकाला. सव्वादोन मीटर परिघाचं चाक ३२० किलोमीटरांत सुमारे दीड लाख फेरे घेतं, आणि दर फेऱ्याला खालच्या बाजूला आलेल्या तारेचा ताण क्षणभर उतरतो. तारा सैल असतील तर तो पार नाहीसा होतो आणि पुन्हा झटक्याने येतो. वायर वाकवून-वाकवून तोडावी तशी तार हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या वाकणात तुटते. निघण्यापूर्वी चाकाचा आउट (फिरताना डुलणं) काढून घ्यावा, तारा जोडीजोडीने चिमटीत दाबून सगळ्यांचा ताण सारखा लागतो का पाहावं. मागच्या चाकाच्या मापाच्या तीन तारा आणि त्या आवळायची चावी जवळ असू द्यावी.

सपाटीचा सगळ्यात मोठा जाच शरीराला होतो. घाटात माणूस चढताना उभा राहतो, उतारावर पॅडल थांबवतो. बूड, मनगटं, मान यांना आपोआप सुटका मिळते. नदीकाठी तीन तास तेच आसन, तोच वेग. आधी करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, कारण तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. दर दहा मिनिटांनी पाच-सहा पॅडलं उभ्याने मारावीत, हाताची पकड बदलावी, मनगट खाली मोडू देऊ नये. सीटची उंची अशी, की टाच पॅडलवर ठेवल्यावर सर्वांत खाली गुडघा सरळ व्हावा. सीट आडवी, टोक वर नको. ७५ वॅटला तासाला सुमारे २८० कॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला साठ किलोमीटर केले तरी हजाराच्या आत. आपण किती दमलो यापेक्षा किती खाल्लं याचाच हिशेब बहुतेकांचा चुकतो.

काठ निवडणंही महत्त्वाचं. श्लोगेनला कठीण खडकात कोरलेल्या दरीत नदी जवळजवळ उलटी फिरते. तिथे उत्तर काठाची वाट मध्येच संपते आणि पुढचा तुकडा बोटीने करावा लागतो. ग्राइन ते इब्स या अरुंद दरीत उत्तरेला मोटारींचा रस्ता आहे. दक्षिण काठ शांत.

वाचाऊमध्ये, म्हणजे मेल्क ते क्रेम्स या जर्दाळूच्या बागांच्या टप्प्यात, बंधारा नाही. पाणी मोकळं वाहतं. म्हणूनच इथे इंजिनाशिवाय चालणाऱ्या फेरीबोटी टिकल्या: श्पित्झ ते आर्न्सडॉर्फ, वाइसेनकिर्शेन ते झांक्ट लोरेंझ. नदीवर आडवा पोलादी दोर ताणलेला असतो, त्यावर कप्पी, आणि कप्पीला बोट बांधलेली. नावाडी बोट प्रवाहाशी तिरकी करतो. पाणी तिला खाली ढकलतं आणि बाजूलाही. खाली जाऊ न देण्याचं काम दोर करतो, उरतो तो बाजूचा जोर. त्यावर बोट, माणसं, सायकली आणि एखाद-दुसरी मोटारसुद्धा पलीकडे जातात. परत येताना तिरकेपणा उलटा. पाणी फार चढलं की ती बंद ठेवतात आणि हिवाळ्यातही भरवसा नसतो. मेल्कपासून थेट क्रेम्सजवळच्या माउटर्नपर्यंत पूल एकही नाही, तेव्हा बोट चालू आहे का हे मेल्कलाच विचारावं. नसेल तर तिथे धरलेला काठ पुढचे ३५ किलोमीटर पुलाने सोडता येत नाही.