धुळ्याला महामार्ग, चाकणला कारखाने

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळ तर रेल्वेचं जुनं जंक्शन. तरी परदेशी मोटार कंपन्या दाटी करतात ती पुण्याजवळच्या चाकणला, जिथे जमीन महाग आणि ट्रॅफिकचं तर विचारूच नका.

कारण कारखान्याला जमिनीपेक्षा शेजारी लागतात. तासाभरात सुटे भाग पोचवणारा पुरवठादार, डाय (धातूचे साचे) दुरुस्त करणारा फिटर, दुसऱ्या कंपनीतून फोडून आणता येईल असा इंजिनिअर. जळगावच्या सराफ बाजारात नवी पेढी जुन्या पेढ्यांना खेटूनच का निघते, तेच गणित. प्रत्येक नवा कारखाना ही शेजारसंपत्ती वाढवतो, म्हणून पुढचाही तिथेच येतो. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ साली हे चक्र मांडलं. वाढतं केंद्र भोवतालची तरुण माणसं आणि बचत ओढून घेतं, बाहेर झिरपणारा फायदा त्यापुढे तोकडा पडतो.

मग रस्ते करा, म्हणतो आपण. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांच्या मांडणीत इथेच मेख आहे. वाहतूक फार महाग असते तेव्हा अंतरच स्थानिक लहान उद्योगाला सांभाळतं. ती थोडी स्वस्त झाली की केंद्रातला मोठा कारखाना तिथूनच सगळीकडे माल पाठवतो आणि लहानाचं दुकान बसतं. ती अगदीच स्वस्त झाली, तरच कमी मजुरीच्या ओढीने कारखाने बाहेर सरकू लागतात. चीनने १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रं उघडली ती आग्नेय किनाऱ्यावर. फॉक्सकॉनचा आयफोन कारखाना आतल्या झेंगझौला पोचायला २०१० उजाडलं. तोही आपोआप नाही, सरकारने भरपूर पैसा ओतला तेव्हा.

आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर पाहा. विप्रो १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. शेअर घेऊन ठेवलेले अमळनेरकर श्रीमंत झाले, पण सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या बंगळुरूत गेल्या. भांडवलाचा नफा गावात आला म्हणजे उद्योगही येतो, असं नाही.

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो धुळ्यावरून जाईल. माझ्या मते धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या एमआयडीसीत टूल-रूम (साचे आणि हत्यारं घडवणारे कारखाने) आणि सुट्या भागांचे कारखाने रुळांआधी उभे राहायला हवेत. नाहीतर त्या गाड्यांतून इथला कापूस आणि इथली पोरंच जास्त बाहेर जातील.