चार केंद्रं मोडून एक : बंबाच्या अंतराचं गणित

गावातली चार-पाच जुनी अग्निशमन केंद्रं बंद करून सगळे बंब एका नव्या, ऐसपैस इमारतीत न्यायचे, असा प्रस्ताव जगात कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेपुढे नेहमीच असतो. कारणं बहुतेक वेळा खरी असतात. जुन्या केंद्रांची दारं अरुंद, छपरं गळकी, जवान अपुरे आणि प्रत्येक ठिकाणची देखभाल वेगळी. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही खराच असतो : बंब लांबून येणार. पण नेमका किती लांबून? चाराचं एक केंद्र केलं तर अंतर चौपट होईल, असं पटकन वाटतं. प्रत्यक्षात ते सरासरी दुपटीच्या आसपास जातं.

हा हिशेब १९७३ मध्ये पीटर कोलेसर आणि एडवर्ड ब्लम या दोघांनी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलासाठी काम करताना मांडला. वस्तीचं क्षेत्रफळ घ्या, त्याला उपलब्ध बंबांच्या संख्येने भागा आणि वर्गमूळ काढा. सगळ्यात जवळच्या बंबाचं सरासरी अंतर या आकड्याच्या प्रमाणात असतं. कारण साधं आहे. एका केंद्राच्या वाट्याला येणारं क्षेत्र चौपट झालं, तरी त्या क्षेत्राची बाजू दुपटीनेच वाढते, आणि बंब धावतो तो बाजूच्या हिशेबाने.

आपल्याकडचा आकडा घालून बघू. देशातल्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष शहरी भागात दर १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. क्षेत्र चौकोनी, रस्ते काटकोनात आणि केंद्र बरोबर मधोमध धरलं, तर घटनास्थळापर्यंतचं सरासरी अंतर सुमारे १.६ किलोमीटर येतं. चार केंद्रं एकत्र केली की क्षेत्र ४० चौरस किलोमीटर आणि अंतर सुमारे ३.२ किलोमीटर. बंबाचा वेग ताशी २४ किलोमीटर धरला, तर चार मिनिटांची आठ मिनिटं झाली.

ही वाढीव चार मिनिटंही कागदावर आणखी कमी करून दाखवता येतात. न्यूयॉर्कमध्ये बंबांवर स्टॉपवॉच देऊन प्रत्यक्ष वेळा नोंदवल्या, तेव्हा दिसलं की छोट्या अंतरात बंब वेग घेतो न घेतो तोच थांबायची वेळ येते. त्यामुळे छोट्या फेरीत अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही, दीडपटीच्या आतच राहतो. लांबच्या फेरीत मात्र जितकं अंतर तितका वेळ. एकत्रीकरणाचे अहवाल आकर्षक दिसतात ते वर्गमूळ आणि छोटी फेरी या दोन सवलतींमुळे, आणि त्यात काही लबाडी नाही.

पण आगीला वर्गमूळ माहीत नाही. ती वर्गाने वाढते. अग्निसुरक्षेच्या अभियांत्रिकीत वाढत्या आगीची उष्णता वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात. ‘जलद’ प्रकारची आग १५० सेकंदांत सुमारे १ मेगावॉटला पोचते आणि ३०० सेकंदांत सुमारे ४ मेगावॉटला. वेळ दुप्पट, आग चौपट. अर्थात हे कायम चालत नाही. छताखाली साचलेला धूर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की त्याच्या नुसत्या झळीने खालचा सोफा, गालिचा, पडदे असं सगळं जवळजवळ एकदमच पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहण्याची आशा उरत नाही, आणि जवानांचं काम शेजारची खोली वाचवण्याचं होतं.

अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेने या क्षणाची चाचणी शेजारी शेजारी दोन दिवाणखाने पेटवून घेतली. एकात जुन्या पद्धतीचं लाकूड आणि कापसाचं सामान, दुसऱ्यात आजचं फोमचं. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला, नव्या खोलीत चार मिनिटंही लागली नाहीत. पॉलियुरेथेन फोम पेटतो लवकर आणि उष्णताही खूप सोडतो. म्हणजे आजोबांच्या काळात आठ मिनिटांनी आलेला बंब वेळेवर आला असं म्हणता आलं असतं. आज ते म्हणता येईलच असं नाही.

तरीही सगळा दोष अंतराच्या माथी मारता येत नाही. बंब रस्त्यावर येण्याआधी फोन उचलला जातो, पत्ता समजून घेतला जातो, वर्दी दिली जाते, जवान गणवेश चढवून गाडीत बसतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक दलांसाठीचा एनएफपीए १७१० हा निकष या शेवटच्या टप्प्याला ८० सेकंद देतो आणि पहिल्या बंबाच्या प्रवासाला २४० सेकंद. केंद्राच्या इमारतीचा आराखडा या ८० सेकंदांवर थेट परिणाम करतो. १८७८ मध्ये शिकागोतल्या डेव्हिड केनयन या कॅप्टनने वरच्या मजल्यावरून घसरत उतरायचा खांब बसवला, तो जिना उतरण्यातले सेकंद वाचवायला. नवी इमारत बांधताना दर्शनी भाग कसा दिसतो यापेक्षा विश्रांतीच्या खोलीपासून गाडीच्या दारापर्यंत किती पावलं पडतात, हे आधी मोजायला हवं.

जवानांची संख्या ही एकत्रीकरणाची सगळ्यात भक्कम बाजू. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१० मध्ये घराच्या आगीवर करायची २२ कामं वेगवेगळ्या आकाराच्या तुकड्यांकडून करून घेतली. प्रत्येक गाडीवर चार जण असले तर सगळी कामं दोघांच्या तुकडीपेक्षा सुमारे ७ मिनिटं आधी उरकली, तिघांच्या तुकडीपेक्षा सुमारे ५ मिनिटं आधी. आता आपल्या उदाहरणातली वाढीव चार मिनिटं आठवा. चारही केंद्रांत रिक्त पदांमुळे गाडीवर दोन-दोनच जवान चढत असतील, तर लवकर पोचून ते दारात मदतीची वाट बघत उभे राहणार. लांबून आलेली पूर्ण तुकडी त्यांना गाठू शकते. फक्त, पदं भरूनही हे साधतं, इमारत बांधावीच लागते असं नाही.

वर्गमुळाच्या सूत्रात ‘उपलब्ध’ हा शब्द आहे, आणि चर्चेत नेमका तोच गळतो. समजा प्रत्येक बंब दहा टक्के वेळ कामात गुंतलेला असतो. पेठेत एकच बंब असेल तर दर दहा वर्दींमागे एकदा तो जागेवर नसणार आणि पुढच्या पेठेतून दुसरा येणार. चार बंब एका छपराखाली असतील, आणि वर्दी एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर चारही एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता दहा हजारांत एक. बंब सतत धावत असलेल्या शहराला हा फायदा मोठा आहे. आठवड्याला दोन-चार वर्दी येणाऱ्या गावात बंब बहुतेक वेळ उभाच असतो. तिथे हा फायदा जवळपास शून्य आणि वाढलेलं अंतर मात्र प्रत्येक वर्दीला.

आणखी एक गोष्ट. मधोमध असलेल्या एका केंद्रातून पहिला बंब सरासरीने उशिरा पोचतो, पण चौथा लवकर पोचतो, कारण चारही एकदमच निघतात. विखुरलेल्या केंद्रांपैकी सगळ्यात लांबचं केंद्र मध्यापेक्षा लांबच असतं. कापसाच्या गोदामाला आग लागली तर चौथा बंब महत्त्वाचा. तिसऱ्या मजल्यावर कोणी अडकलं असेल तर पहिला. गावात आगी कुठल्या प्रकारच्या लागतात, हे वर्दीच्या नोंदवहीत लिहिलेलंच असतं.

न्यूयॉर्कने हे सगळं गणित हाताशी असतानाही हात पोळून घेतले. १९७२ पासून पैशांच्या चणचणीत तिथल्या तुकड्या बंद होत गेल्या, त्यातल्या बऱ्याच साउथ ब्रॉन्क्ससारख्या गरीब आणि दाट वस्तीतल्या, जिथे आगी सर्वाधिक लागत होत्या. तिथल्या बंबांना उसंतच नव्हती. या गणिती मॉडेलमधली गृहीतकं अशा वस्त्यांना लागू पडत नव्हती, अशी कडक टीका रॉड्रिक आणि डेबोरा वॉलेस या संशोधकांनी पुढे केली. माझ्या मते सूत्र चुकलं नव्हतं. कुठली केंद्रं बंद करायची हे ठरवताना कोणाचा आवाज मोठा आहे, हे सूत्राच्या बाहेर ठरत होतं.

लंडनने ९ जानेवारी २०१४ रोजी एका दिवसात दहा केंद्रं बंद केली. त्यात १८७२ पासूनचं क्लार्कनवेलही होतं. पहिला बंब सरासरी सहा मिनिटांत पोचण्याचं उद्दिष्ट शहराने त्यानंतरही गाठलं. बंद केंद्रांच्या आसपास मात्र वेळ वाढला. लाखो लोकांच्या सरासरीत एका मोहल्ल्याची जास्तीची दोन मिनिटं दिसत नाहीत.

मुंबईने उलट वाट धरून मोठ्या केंद्रांच्या जोडीला छोटी, मिनी अग्निशमन केंद्रं काढली. मधल्या आकाराच्या गावांनाही असं करता येईल : प्रशिक्षण, दुरुस्ती आणि नियंत्रण कक्ष नव्या इमारतीत, पण लांबच्या पेठेत एक गाडी आणि पूर्ण तुकडी कायम. त्याआधी एक स्वस्त प्रयोग करून बघावा. नव्या जागेवरून बंब संध्याकाळी सात वाजता, बाजाराच्या दिवशी, रेल्वे फाटकापलीकडच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पळवावा आणि लागलेला वेळ प्रस्तावाला जोडावा.